मिठाचं पाणी आणि मोती : कुत्र्याच्या पोटात गेलेल्या विषाचा इतिहास

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हदगावात पावसाळी रात्र होती, साडेदहा वाजले असतील. आमच्या गल्लीतल्या काकांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, मोतीनं उंदराच्या औषधाची वडी खाल्ली. काय करू?" मोती म्हणजे त्यांचा गावठी कुत्रा, आठ-नऊ किलोचा, लेकरांचा जीव की प्राण. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना त्या वेळी बंद. नांदेड दीड तासावर. मी सांगितलं, "मिठाचं कडक पाणी पाजा, ओकारी काढा. वर थोडं दूध-तूप द्या."

काकांनी तसंच केलं. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून दोघांनी धरून पाजलं. मोती एकदा ओकला. नीट ओकला नाही म्हणून पुन्हा पाजलं. मध्यरात्रीनंतर तो थरथरू लागला, झटके आले, आणि पहाटे गेला. "विष लई जहाल होतं," असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

आज मला माहीत आहे की ती निळसर वडी रक्त पातळ करणाऱ्या विषाची होती. त्या विषानं कुत्रा त्याच रात्री मरत नाही. त्याचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. आणि त्यावरचा उतारा म्हणजे व्हिटॅमिन के. मोती गेला त्या रात्री ते माझ्या दवाखान्याच्या कपाटात होतं. शवविच्छेदन झालं नाही, पण मोती विषानं नव्हे, माझ्या सल्ल्यातल्या मिठानं गेला, असंच मला आज वाटतं.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्य नाही. तरी तुमच्यापैकी अनेक जण अशा वेळी पहिला फोन फॅमिली डॉक्टरलाच लावतात. म्हणून "आधी ओकारी काढा" हा सल्ला आला कुठून, तो कुठे बरोबर होता आणि कुठे चुकला, हे आज सांगतो. हा इतिहास कळला की घरात काय करायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

जुनी समजूत : विष आत गेलं, तर बाहेर काढा

विष पोटात गेलं की ते बाहेर काढावं, हे कुणालाही सुचेल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विषावरचे चोवीस उपाय सांगितले आहेत, त्यांत वमन आहे. ओकारीसाठी मदनफळ, म्हणजे आपल्याकडचं गेळफळ, वापरत. पण त्याच शास्त्रात वमन कुणाला देऊ नये याचीही यादी आहे. चोवीस उपाय सांगितले याचाच अर्थ असा की प्रत्येक विषाला एकच उपाय लागू पडत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. आपण घरी मात्र त्यातला एकच धरून ठेवला.

विष ओळखण्यासाठी प्राण्यांचा उपयोगही जुनाच. राजाच्या ताटातलं अन्न आधी अग्नीला आणि पक्ष्यांना घालून पाहावं, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. म्हणजे माणसाला वाचवण्यासाठी विष आधी जनावरानं चाखायचं. पुढची दोन हजार वर्षं साधारण हेच चालू राहिलं.

कुत्र्यांवर शिकलेलं विषशास्त्र

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आधुनिक विषशास्त्र उभं राहिलं, ते मुख्यतः कुत्र्यांवर. १८०९ मध्ये फ्रान्स्वा माजांदी यानं जावा बेटावरचं बाणाचं विष कुत्र्यांना देऊन पाहिलं आणि ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर काम करतं हे दाखवलं. त्या विषातला मुख्य पदार्थ म्हणजे स्ट्रिक्निन. पेलेतिए आणि कावाँतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८१८ मध्ये तो वेगळा काढला. आपल्या कोकणात काजऱ्याचं झाड असतं, ज्याच्या बियांना कुचला म्हणतात, त्यातही हेच विष आहे.

याच काळात मातेओ ओर्फिला यानं १८१४ पासून विषांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यानं असंख्य कुत्र्यांना विषं दिली. त्यात त्याला एक अडचण आली. कुत्रा विष पोटात ठेवीच ना, ओकून टाकी. शेवटी ओर्फिला कुत्र्यांची अन्ननलिका दोऱ्यानं बांधू लागला.

हे वाचवत नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. ओकणं हे कुत्र्याचं उपजत संरक्षण आहे. उकिरड्यावरचं वाटेल ते खाणारा हा प्राणी सहज ओकतो. त्यामुळे कुत्र्यानं काही खाल्लं आणि तो आपणहून ओकला, तर घाबरू नका, थांबवूही नका. प्रश्न आहे तो आपण बळजबरीनं ओकायला लावण्याचा.

स्ट्रिक्निनच्या बाबतीत ती बळजबरी जिवावर बेतते. या विषात आवाज, स्पर्श, उजेड अशा कशानंही झटका येतो. अशा कुत्र्याला चौघांनी धरून घशात पाणी ओतलं की झटके वाढतात आणि पाणी फुफ्फुसात जातं.

ओकारीला पर्यायही याच विषामुळे मिळाला. तुएरी नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञानं १८३१ मध्ये फ्रेंच वैद्यक अकादमीसमोर प्राणघातक मात्रेच्या कितीतरी पट स्ट्रिक्निन कोळशाच्या भुकटीत मिसळून स्वतः गिळलं आणि त्याला काही झालं नाही, हा प्रसंग वैद्यकाच्या पुस्तकांत नेहमी सांगितला जातो. विष बाहेर न काढता आतल्या आत अडकवून ठेवायचं, ही ती कल्पना. आज माणसांच्या आणि जनावरांच्या दोन्ही दवाखान्यांत अॅक्टिव्हेटेड चारकोल वापरतात, तो याच वंशातला. चुलीतला कोळसा कुटून पाजला तर मात्र उपयोग नाही. दवाखान्यातला कोळसा विशेष प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला असतो, आणि त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो.

मुंबई : कुत्र्याला मारण्यापासून वाचवण्यापर्यंत

पॅरिसमध्ये हे चालू होतं, तेव्हा मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीनं कंपनी सरकार भटकी कुत्री मारायला लावी आणि एका कुत्र्यामागे आठ आणे देई. पैशासाठी लोक घरांतली, अंगणांतली पाळलेली कुत्रीही उचलू लागले. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या पवित्र दिवशी, कुत्री मारणाऱ्या पोलिसांवर लोकांनी हल्ला केला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, गोऱ्या फौजेचं अन्नपाणी अडलं. त्यात हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील होते.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भटक्या आणि म्हाताऱ्या जनावरांना आसरा मिळाला. पण आसरा म्हणजे उपचार नव्हे. त्यासाठी आणखी पन्नास वर्षं गेली. दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावानं परळला बाई सकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय १८८३ मध्ये स्थापन झालं. तिथेच १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आपल्या मराठवाड्यात हे शिक्षण यायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. परभणीला १९७२ मध्ये आणि लातूर जिल्ह्यात उदगीरला १९८७ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालयं निघाली. आज आपल्या तालुक्यांतले बरेच पशुवैद्य या दोन ठिकाणी शिकलेले असतात.

दुसरीकडे विष घालून कुत्री मारणंही थांबलं नव्हतं. देशातल्या अनेक नगरपालिका भटक्या कुत्र्यांना स्ट्रिक्निन घालत. ज्या काजऱ्याच्या विषावर अभ्यास करून माणसांचं वैद्यक शिकलं, तेच विष रस्त्यावर टाकलं जाई, आणि ते खाऊन पाळीव कुत्रीही मरत. २००१ मध्ये केंद्र सरकारनं श्वान प्रजनन नियंत्रण नियम आणले आणि मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरण हा मार्ग ठरवला. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

उंदराच्या औषधाचा जन्म

आता मोतीच्या वडीकडे येऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत उंदराच्या पिसवांचा संबंध दाखवला, आणि उंदीर मारणं हे सरकारी आरोग्याचं काम झालं. तेव्हाची विषं म्हणजे आर्सेनिक, फॉस्फरस, बेरियम कार्बोनेट. जे उंदराला मारी, ते कुत्र्यालाही मारी आणि लेकरालाही. पुढे काळी पावडर आली, झिंक फॉस्फाइड. ती आजही दुकानांत मिळते.

या सगळ्या विषांमागे शरीरशास्त्रातली एक गंमत आहे. उंदराला ओकताच येत नाही. त्याच्या पोटात गेलेलं विष आतच राहतं. कुत्रा ओकतो, म्हणून काही वेळा वाचतो.

पण झिंक फॉस्फाइडच्या ओकारीतही धोका आहे. ते पोटातल्या आम्लाशी मिसळलं की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. अमेरिकेत २००६ ते २०११ या काळात असं विष खाल्लेल्या कुत्र्यांवर उपचार करताना चार पशुरुग्णालयांतले आठ कर्मचारी या वायूनं आजारी पडले, अशी तिथल्या रोगनियंत्रण संस्थेची नोंद आहे. हे दवाखान्यात झालं. आपल्या घरात, दारं-खिडक्या लावून, ओकणाऱ्या कुत्र्यावर वाकलेल्या माणसाचं काय होईल, विचार करा. या विषावर खायला दिलं तर पोटात आम्ल वाढतं आणि वायू जास्त सुटतो. म्हणजे "काहीतरी खाऊ घाला, विष मरेल" ही समजूत इथे उलटी पडते.

रक्त पातळ करणाऱ्या विषाची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे, आणि तिची सुरुवात पशुवैद्यांनी केली. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत गाई अचानक रक्तस्राव होऊन मरू लागल्या. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानं शोधलं की बुरशी आलेला 'स्वीट क्लोव्हर' हा चारा खाल्ल्यानं त्यांचं रक्त गोठत नाही. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्तानं भरलेली किटली आणि तो चारा घेऊन कार्ल लिंक या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. सहा वर्षं खपून १९३९ मध्ये लिंकच्या सहकाऱ्यांनी चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं केलं, डायक्युमॅरॉल. त्याच घराण्यातलं वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं.

१९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका जवानानं जीव देण्यासाठी ते उंदराचं औषध खाल्लं. त्याला व्हिटॅमिन के दिलं आणि तो पूर्ण बरा झाला. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की उतारा हाताशी असेल तर हे माणसालाही औषध म्हणून देता येईल. १९५४ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं. माझ्याकडे हृदयाची झडप बदललेले जे पेशंट दर महिन्याला रक्ताची तपासणी घेऊन येतात, त्यांतले अनेक जण याच घराण्यातली गोळी घेतात.

व्हिटॅमिन के सापडलं तेही जनावरांतच. डेन्मार्कचे हेन्रिक डाम कोंबडीच्या पिल्लांना चरबीविरहित खाद्य देत होते, तेव्हा पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला. रक्त गोठवणाऱ्या त्या अनामिक घटकाला त्यांनी 'के' नाव दिलं. १९४३ चं नोबेल त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळालं.

यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं, त्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. विष या व्हिटॅमिनचा पुनर्वापर अडवतं. शरीरात आधीच तयार असलेले घटक संपेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त, काळी शी, धाप, अशक्तपणा. उंदीर जुन्या वॉरफॅरिनला दाद देईनासे झाले, म्हणून पुढे ब्रोमाडायोलोनसारखी जास्त जहाल विषं आली. ती शरीरात कितीतरी आठवडे राहतात. त्यामुळे कुत्र्याला व्हिटॅमिन के साधारण तीन-चार आठवडे द्यावं लागतं. एक इंजेक्शन देऊन "झालं" म्हणता येत नाही.

मोतीला हे सगळं देता आलं असतं. वेळ होता, औषध होतं. आम्ही वडीचं पाकीट वाचलं नाही.

मीठ आणि इपेकॅक : ओकारीचा पाडाव

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो तेव्हा घरगुती ओकारीसाठी मिठाचं पाणी, मोहरी ही नावं पुस्तकांत असत. मिठानं कधी ओकारी होते, कधी होत नाही. न झाली तर सगळं मीठ रक्तात जातं. रक्तातलं सोडियम वाढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. तहान, थरथर, झटके, बेशुद्धी. कुत्र्यात वजनाच्या किलोमागे साधारण ४ ग्रॅम मीठ प्राणघातक ठरतं. आठ किलोच्या मोतीसाठी हा हिशेब ३२ ग्रॅमचा होतो, म्हणजे पोहे खायचे दोन शिगोशीग चमचे. काकांनी दोन वेळा मूठभर घातलं होतं.

लहान मुलंही अशी दगावली आहेत. म्हणून माणसांच्या वैद्यकातून मिठाचं पाणी गेलं. त्यामागोमाग अमेरिकेत घरोघरी ठेवलेलं इपेकॅक सिरपही गेलं. १९६५ मध्ये ते चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली होती, प्रत्येक आईनं बाटली घरात ठेवावी असं सांगितलं जाई. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की ते आता घरात ठेवू नका. ओकारीनं विष पुरतं निघत नाही, पुढच्या उपचाराला उशीर होतो, आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो.

कुत्र्यात मात्र ओकारी आजही काढतात, पण पशुवैद्य काढतो. अॅपोमॉर्फिन हे औषध १८६९ मध्ये तयार झालं, तेच आजही कुत्र्यांना देतात. परदेशात ओकारीसाठी डोळ्यात टाकायचे थेंबही आले आहेत. खाल्ल्यापासून साधारण तास-दोन तासांच्या आत, कुत्रा पूर्ण शुद्धीत असताना, आणि विष त्या प्रकारचं असेल तरच.

इंटरनेटवर "हायड्रोजन पेरॉक्साइड पाजा" असा सल्ला दिसतो. तो अमेरिकेतला आहे. तिथल्या घरांत ३ टक्क्यांची बाटली असते आणि लोक आधी पशुवैद्याला फोन करतात. आपल्या मेडिकल दुकानात जखमेसाठी मिळणारं '२० व्हॉल्यूम' पेरॉक्साइड साधारण ६ टक्क्यांचं, म्हणजे दुप्पट तीव्र असतं. त्यानं पोटाच्या आतून जखमा होतात.

दूध-तूपही तसंच. फॉस्फरसची पेस्ट किंवा तेलात विरघळणारी कीटकनाशकं चरबीबरोबर उलट जास्त शोषली जातात. माझ्या त्या रात्रीच्या सल्ल्यात हीसुद्धा चूक होती.

स्वयंपाकघरात उशिरा सापडलेली विषं

कुत्रा आपल्याबरोबर हजारो वर्षं राहतो, तरी आपल्या ताटातलं त्याला काय बाधतं हे आपल्याला फार उशिरा कळलं.

कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो, हे १९३० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या डब्ल्यू. एच. सेब्रेल यांनी मांडलं. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही. लसूणही त्याच जातीतला. आपल्या रश्श्यात भाकरी कुस्करून कुत्र्याला घालणारी घरं खूप आहेत. एखाद्या घासानं काही होत नाही, पण रोजचं किंवा एकदम वाटीभर वाटण नको.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन माणूस काही तासांत निकामी करतो. कुत्र्याला ते निम्मं करायलाच साधारण १७-१८ तास लागतात. झायलिटॉल ही साखरेऐवजी वापरायची गोडी. तिनं कुत्र्यात इन्सुलिन एकदम वाढतं, हे जपानी संशोधकांनी १९६० च्या दशकात प्रयोगात पाहिलं. पण शुगर-फ्री च्युइंगम खाऊन कुत्र्याची साखर उतरते, याच्या नोंदी २००० नंतरच ठळकपणे पुढे आल्या. माझ्या मधुमेही पेशंटांनो, तुमच्या शुगर-फ्री डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते बघा आणि डबा वर ठेवा.

द्राक्षं आणि मनुके खाऊन कुत्र्यांची किडनी बंद पडते, हे २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या फोन-नोंदींतून लक्षात आलं. का, ते वीस वर्षं कळलं नाही. मग २०२१ मध्ये त्याच केंद्रातल्या कोलेट वेगेनास्ट आणि सहकाऱ्यांनी एक धागा धरला. घरी केलेल्या खेळण्याच्या पिठात 'क्रीम ऑफ टार्टार' होतं, ते खाल्लेल्या कुत्र्याला अगदी द्राक्षांसारखाच किडनीचा त्रास झाला. दोन्हींत समान घटक टार्टारिक आम्ल. पुढच्या वर्षी त्यांनी चिंच खाऊन असंच आजारी पडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी मांडल्या.

चिंच! लातूरच्या बाजारात पोत्यांनी येणारी, आपल्या बांधाबांधावरची चिंच. आणि आपल्याकडे विषावर ओकारीसाठी चिंचेचं पाणी पाजायची पद्धत आहे. म्हणजे उतारा म्हणून आपण कुत्र्याला दुसरं विष पाजत असू.

आणखी एक, माझ्या धंद्यातलं. कुत्रा कण्हतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. माणसाची मात्रा त्याच्या यकृताला, जठराला, किडनीला झेपत नाही.

शेतातलं औषध घरात

आपला भाग कपाशीचा. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. त्याआधी १९५८ मध्ये केरळात जहाजावर धान्य-साखरेत पॅराथिऑन सांडून शंभरावर माणसं मेली होती. त्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. फोरेटसारखं दाणेदार विष २०२० अखेर पूर्ण बंद झालं, पण जुने पुडे अजून कोठ्यांत सापडतात.

ही ऑरगॅनोफॉस्फेट विषं कुत्र्यात आणि माणसात एकच चित्र दाखवतात. तोंडाला फेस, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी, शी-लघवी सुटणं, थरथर. उताराही एकच, अॅट्रोपिन आणि १९५५ मध्ये शोधलेलं पॅम. त्यासाठी दवाखानाच लागतो. कुत्र्याच्या अंगावर औषध सांडलं असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्यानं धुवा, नाहीतर ते चाटून पोटात जाईल आणि तुमच्या हातांतूनही शिरेल.

इथे एक सावधगिरी. लाळ गाळणारा, अडखळणारा कुत्रा म्हणजे विषबाधाच, असं धरू नका. लस न दिलेल्या कुत्र्यात ते रेबीजही असू शकतं. त्याच्या तोंडात हात घालू नका. चावला, ओरखडला किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला या.

आज रात्री असं झालं तर

- कुत्र्याला तिथून दूर करा. उरलेलं विष लेकरांच्या हाती लागणार नाही असं उचला.
- पाकीट, बाटली, गोळ्यांची पट्टी शोधा. नाव वाचा, फोटो काढा. किती खाल्लं, केव्हा खाल्लं, कुत्र्याचं वजन किती, एवढं लिहून ठेवा.
- लगेच पशुवैद्याला फोन करा. ओळखीचा नसेल तर जनावरांसाठीची सरकारी टोल-फ्री सेवा १९६२ वर विचारा. लक्षणं दिसायची वाट पाहू नका.
- मीठ, मोहरी, साबण, चिंचेचं पाणी, दूध, तूप, तेल, पेरॉक्साइड यांतलं काहीही पाजू नका. घशात बोट घालू नका.
- अॅसिड, टॉयलेट क्लीनर, फिनाइल, रॉकेल, बॅटरीचा सेल किंवा टोकदार वस्तू खाल्ली असेल, कुत्रा गुंगीत असेल, झटके येत असतील, तर ओकारी कुणीही काढायची नाही.
- काळी पावडर किंवा धान्यात ठेवायच्या गोळ्या असतील तर खायला देऊ नका. दारं-खिडक्या उघडा, ओकारीचा वास घेऊ नका, कुत्र्याला मोकळ्या हवेत न्या.
- उंदराची वडी खाल्ली आणि कुत्रा छान खेळतोय, तरीही त्याच दिवशी दाखवा.
- कुत्र्याची ओकारी स्वच्छ पिशवीत थोडी घेऊन जा, पशुवैद्याला उपयोगी पडते. फॉस्फाइडचा संशय असेल तर मात्र तिच्या जवळही जाऊ नका.

त्या पावसाळ्यानंतर काकांनी दुसरा कुत्रा पाळला नाही. काही वर्षांनी मला ही सगळी माहिती झाली, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि माझ्या सल्ल्याबद्दल सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्हाला तरी तेव्हा कुठं माहीत होतं?" खरं आहे. पण पाकिटावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला मी सांगितलं नव्हतं. आता रात्री असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारतो, "पाकीट कुठंय? त्यावर काय लिहिलंय, वाचून दाखवा." मग पशुवैद्याचा नंबर देतो.